मान हलवलेली नोंदीत येत नाही

अनुपमा सर्टिफाइड कोर्ट रिपोर्टर झाली ती सासरच्या बडबडीवर.

दुबईत लवादापुढे इंग्रजीत खटले चालत. कोण काय बोललं ते शब्दन्‌शब्द टिपायचं, हे तिचं काम. त्यासाठी एक बुटकं यंत्र. मोजक्याच कळा, पण चार-पाच एकदम दाबायच्या, की कागदाच्या पट्टीवर उच्चार उमटतात. सर्टिफिकेटसाठी वेग हवा मिनिटाला सव्वादोनशे शब्द. सरावाच्या कॅसेटवरचा साहेब तेवढ्या वेगाने बोलायचा, पण एकटाच. शारजात, अल मजाजच्या फ्लॅटमध्ये, जेवताना नवरा, सासू, लेक तिघं एकदम बोलत. यंत्राला भाषेशी देणंघेणं नाही. अनुपमा ताट सारून टिपायची. सत्त्याण्णव साली पहिल्या झटक्यात पास झाली.

इथवर ठीक.

सत्यजित (नवरा): खोरफक्कानच्या बीचवर जाऊ असं मी म्हटलंच नव्हतं.

कामावर असा वाद निघाला की रिपोर्टरने पट्टी काढून वाचून दाखवायचं असतं. अनुपमाने सवयीने वाचलं.

"'शुक्रवारी खोरफक्कान. खलास. पक्कं.' यानंतर साक्षीदार पापड मागतात."

सासूबाई खो खो हसल्या. त्या हसल्या म्हणून अनुपमाने पुढचंही वाचलं.

"'सून गुणी आहे, पण हिच्या आमटीत चवीला व्हिसा मिळत नाही.' बोलणाऱ्या: आई."

त्या दिवसापासून घर गप्प झालं. कायद्यातली पळवाट आठ वर्षांच्या पर्णिकाने शोधली. "ममा कान्ट टाइप अ नॉड."

प्र. भात वाढू?
उ. (मान.)
प्र. आई, तुम्हाला?
उ. (मान, उलट दिशेला.)
प्र. कुणी काही बोलणार आहे का?
उ. (एसीचा आवाज.)

सर्टिफिकेट मात्र गप्प बसत नाही. दर तीन वर्षांनी वेगाची परीक्षा पुन्हा. नापास म्हणजे सर्टिफिकेट गेलं, आणि त्याच्यासोबत नोकरी. अनुपमाची बोटं जड झाली होती. कॅसेट पाठ होऊन बसली होती. साहेब बोलायच्या आधीच तिचं टाइप करून व्हायचं. परीक्षा आठवड्यावर आली तेव्हा तिने हात जोडले.

"बोला रे कुणीतरी."

"एक्झामनंतर बोलू. इन्शाल्ला," सत्यजित म्हणाला. त्या महिन्यातलं त्याचं सर्वांत मोठं भाषण.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई खुर्ची ओढून समोर बसल्या.

"मांड तुझी पेटी. मी बोलते, तू बडव."

"आई, खरंच?"

"वाचायचं नाही. कुणापुढेच. तुमच्यात शपथ घेतात ना? घे."

शपथ साक्षीदार घेतो, रिपोर्टर नाही. अनुपमाने घेतली.

मग विरामचिन्हांशिवाय:

अगं मला मिरजेला जायचंय इथे बोलू कुणाशी भिंतीशी की एसीशी तो निदान घरघर तरी करतो तुझ्या त्या वाचण्याने सगळ्यांची दातखीळ बसली सत्याला सांगितलं तर तुला म्हणेल आईसाठी नोकरी सोड आणि ते मला नकोय तू पास हो मी काय आज आहे उद्या मिरजेला आणि आमटीचं म्हटलं ते खरंच आहे तू गूळ घालत नाहीस

एकदा अनुपमाने हात वर केला. नीट ऐकू आलं नाही तर रिपोर्टरला तेवढा हक्क असतो. ऐकू आलं होतं.

"काय गं?"

"काही नाही. बोला."

आठवडाभर रोज दुपारी बोलणं झालं. अनुपमा पास झाली.

संध्याकाळी सत्यजितने मिठाई आणली.

प्र. एवढा स्पीड आला कुठून? आईने मदत केली?
उ. (मान.)
प्र. काय काय बोलली?
उ. (मान, उलट दिशेला.)
प्र. अगं, शब्दांत सांग की.

अनुपमाने यंत्र पेटीत घालून कडी लावली आणि पेटी ऑफिसला न्यायला दाराशी ठेवली. मग जेवणाच्या टेबलाशी आली.

"आई, आमटीत आज काय कमी आहे?"

सासूबाईंनी आधी दाराकडे पाहिलं. मग उत्तर दिलं, मिनिटाला सव्वादोनशेच्या कितीतरी पुढे. सत्यजित मध्येच बोलला, पर्णिका त्याच्याही मध्ये.

नोंद नाही.