प्रेस शॉपमधली बोली

वाल्मीकनं तीन मशीन पलीकडून डोक्यावरचा पदर सावरल्याची खूण केली, मग दोन्ही हातांनी जमिनीत खुंटा ठोकून दाखवला. मंगळू हातातला पत्रा तसाच धरून खदखदून हसला. वाल्मीकची सासू मुक्कामाला आली होती.

"आठ दिस झाले," वाल्मीकचे हात म्हणाले. "जायचं नाव नाय."

"गावची आठवण करून दे," मंगळूच्या हातांनी सल्ला दिला.

"दिली करून. म्हणती, गावाला हाय काय?"

अंबडच्या त्या कारखान्यात पत्रा दाबणारे वीस प्रेस एकदम आपटायचे, त्यामुळं तोंडानं बोलायची सोयच नव्हती. कानांत कापूस कोंबून माणसं वर्षानुवर्षं हातांनी बोलत आलेली. माल संपला, साहेब आला, पोरीला स्थळ सांगून आलंय, सगळं हातांनी. ही बोली कुणी कुणाला शिकवली नव्हती, पण नवा माणूस महिनाभरात ती उचलायचा.

मंगळू जन्माचा बहिरा, पेठकडच्या पाड्यावरचा. आई धोंडाबाईचा जीव होता त्याच्यावर, पण तिच्याकडं त्याच्यासाठी तीनच खुणा होत्या: ये, जेव, नीज. बाविसाव्या वर्षी तो इथं लागला, आणि माणसांना सासू असते, माणसं थापा मारतात, रुसतात, हे सगळं त्याला एकदम कळलं. जन्मभराचा उपाशी पंगतीला बसावा तसा तो बोलत सुटला. आता त्याला इथं सात वर्षं झाली होती. पायाखालची जमीन धडधडायची, झरोक्यातल्या उन्हात तेलकट धूर तरंगायचा आणि त्या धुरात हात उठायचे, वळायचे, विरायचे. कधीकधी त्याला वाटायचं, आपण हे झोपेत पाहतोय, आणि मग तो जागं व्हायला घाबरायचा.

फक्त चहाला मशीनं थांबायची. कापूस निघायचा, हात खाली यायचे, तोंडं हलू लागायची. ती दहा मिनिटं मंगळू सगळ्यांचे ग्लास विसळत काढायचा.

दोन हजार सहा साली कंपनीनं समाजासाठी काही करायचं मनावर घेतलं. तेजस्विनी नावाची तरुण अधिकारी त्या कामावर होती. मनानं खरंच चांगली. प्रेस शॉपमधला दणदणाट आणि त्यात उभा असलेला मंगळू पाहून तिचा जीव कळवळला. तिनं भांडून वरच्या मजल्यावर अपंग कामगारांसाठी एक खोली करवून घेतली: पांढऱ्या भिंती, खिडकीत कुंड्या, बसून करायचं पॅकिंगचं काम. यादीत पहिलं नाव मंगळूचं.

"वर नेतेत तुला," वाल्मीकनं खुणावलं. "गादीची खुर्ची हाय म्हणं."

"तू?"

"पयल्या दिवशी येतो. बाई काय बोलती ते सांगाया."

वरची फरशी पायाला काहीच सांगत नव्हती. खोलीत आणखी चौघं होती. कुणाचा पाय अधू, कुणाचा हात. पण बोलणं सगळ्यांचं तोंडानं. त्यांतली झुंबरबाई कुबड्या भिंतीला लावून काहीतरी सांगत होती आणि बाकीचे हसत होते. मंगळूला हार घातला, फोटो निघाला. मग तेजस्विनीनं वाल्मीकला काही विचारलं. वाल्मीकनं कानातला कापूस काढला, हात पाठीमागं बांधले आणि तोंडानं उत्तर दिलं.

"काय म्हणते?" मंगळूनं विचारलं.

वाल्मीकनं एक बोट वर केलं. थांब.

मंगळू थांबला. ओठ हलत राहिले. त्यानं पुन्हा विचारलं तेव्हा वाल्मीकनं घाईघाईनं एक हात सोडवला.

"तुझी तारीफ करती," आणि हात परत पाठीमागं गेला.

सात वर्षांनी आज मंगळू पुन्हा बहिरा झाला होता. इथं दिवसभर चहाचीच सुट्टी राहणार होती. भीक नको पण कुत्रा आवर, असं त्याला म्हणायचं होतं, पण म्हणायचं कुणाला?

तिसऱ्या दिवशी तो खुर्चीवरून उठला, जिना उतरला आणि आपल्या मशीनपाशी जाऊन उभा राहिला.

तासाभरानं तेजस्विनी खाली आली. हातात बदलीचं पत्र होतं, त्यावर फक्त त्याची सही राहिली होती. ती बोलली. कुणाला ऐकू गेलं नाही. ती ओरडली, मानेच्या शिरा तट्ट फुगल्या. आजूबाजूला हात उठू लागले.

"कोण ही?"

"वरची बाई."

"काय म्हणती?"

"काय की. बोलता येत नाय तिला."

हात हसले. ते आपल्याबद्दलच बोलतायत, एवढं तेजस्विनीला कळलं. काय, ते कळलं नाही. ती एकेकाच्या तोंडाकडं बघत कसनुसं हसली. ते हसू मंगळूच्या चांगलं ओळखीचं होतं. त्याला तिची फार कीव आली.

त्यानं मशीन बंद केलं, स्टूल फडक्यानं पुसून तिच्यापुढं ठेवलं. मग कागदाकडं बोट केलं, वर बोट केलं आणि नाही म्हणून मान हलवली. तळहात पालथा करून दोनदा खाली दाबला. इथंच.

तेजस्विनीनं त्या हाताकडं बघितलं. तिनं कागदाची घडी घालून ती पर्समध्ये टाकली. मग बिचकत आपला हात उचलला, पालथा केला आणि भुवया उंचावून खाली दाबला. खूण पार वाकडी झाली. वाल्मीकला हसू फुटलं.

मंगळूनं त्याला डोळ्यांनी दटावलं, आणि तिला नीट दिसावी म्हणून तीच खूण पुन्हा एकदा, सावकाश करून दाखवली.