जास्तीचे थेंब

“पाणी कुठलं पिता तुम्ही?”

दातांच्या डॉक्टरबाईंचा आरसा अजून स्वरूपाच्या तोंडातच होता. आठ महिन्यांच्या प्रज्वलला कडेवर घेऊन तिची आई रंभा खुर्चीशेजारी उभी होती.

“बोअरचं, मॅडम. कुरुळीला खोली हाय आमची. घरमालकाचंच बोअर.”

“आणि हिला लहानपणी फ्लोराइडचे थेंब दिले होते का?”

“दिले की. मनून तर आणलं इकडं. थेंब देऊन बी कीड कशी लागली?”

“ही कीड नाही. दात हिरडीच्या आत तयार होत होते, तेव्हा फ्लोराइड जास्त झालं. त्याचे डाग आहेत हे.”

स्वरूपा आठ वर्षांची होती. तिचे समोरचे दोन नवे दात खडूसारखे पांढरट दिसत होते आणि त्यांच्यावर तपकिरी पट्टे होते. रंभाला ते पट्टे नवे नव्हते. नांदेडकडच्या तिच्या गावात हापशाचं पाणी पिऊन वाढलेल्या सगळ्यांचेच दात तसे होते, तिचेही. गावात त्याचं कुणाला काही वाटत नसे. चाकणला कंपनीत वायरिंगच्या लाइनवर लागली, तेव्हा शेजारच्या बाईनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं, “मिश्री लावता, का गुटखा खाता?” आपले दात किडके आहेत असं रंभानं तेव्हापासून धरून ठेवलं, आणि पोरीचे तसे होऊ द्यायचे नाहीत असंही.

स्वरूपा दोन वर्षांची असताना बाटलीतल्या गोड दुधानं तिची एक दाढ काळी पडली. एका दवाखान्यात डॉक्टरांनी थेंब लिहून दिले. रोज एवढेच, सहा महिने, मग परत दाखवा. पाण्याचं त्यांनी काही विचारलं नाही. रंभा परत दाखवायला गेली नाही. रिकामी बाटली बघून मेडिकलवाला नवी देत राहिला. गुण येतोय, तर थांबायचं कशाला? शिफ्टला निघताना एखाद्या दिवशी ती दोन थेंब जास्तीचेही घालायची. दुधाचे बाकीचे दात स्वच्छ राहिले. नवरा, ज्योतीराम, ओव्हरटाइम करून आला की ती कौतुकानं पोरीचं तोंड उघडून त्याला दाखवायची.

“किती दिवस दिले?” डॉक्टरबाईंनी विचारलं.

“तीन वर्सं.”

डॉक्टरबाईंनी आरसा ट्रेमध्ये ठेवला. “आधी पाणी तपासायला हवं होतं. पाण्यातच फ्लोराइड असेल तर वरून थेंब देत नाहीत. ते थेंब लिहून देणाऱ्या डॉक्टरांनी विचारायला हवं होतं. आणि ताई, सांगितल्यापेक्षा जास्त कधीच द्यायचं नाही. ते टॉनिक नसतं.”

“निघंल का हे?”

“पूर्ण नाही निघणार. मोठी झाली की वरून झाकता येईल. पेस्ट मात्र बंद करू नका. वाटाण्याएवढीच घ्यायची आणि थुंकायची. आता या बाळाचं बघा. याचं दूध कशात कालवता?”

“त्याच पाण्यात. पर उकळून घेते, मॅडम.”

“उकळून फ्लोराइड जात नाही.”

पाणी तपासून आलं. फ्लोराइड मर्यादेच्या दुप्पट होतं. ज्योतीराम म्हणाला, “आपण जार आणू. चाळीतल्या बाकीच्यांचं आपल्याला काय करायचंय? खोली जाईल.”

तरी रंभा घरमालकाकडे गेली. बबनराव गावातलेच, जुन्या घरचे. सगळं ऐकून त्यांनी आपले दात दाखवले.

“आमी हितंच ल्हानाचं मोटं झालो. हायेत का डाग?”

“तुमच्या लहानपणी हे बोअर व्हतं का, मामा?”

“न्हवतं. हिरीचं पाणी व्हतं.” बबनराव उठून उभे राहिले. मग म्हणाले, “ह्ये दुसऱ्या कुणापाशी बोलू नगंस.”

दुसऱ्या दिवशी सकाळी बोअरच्या नळावर बायका जमल्या, तेव्हा ती बोलली. चाळीत तान्ही पोरं बरीच होती. हंडे भरत राहिले.

“डॉक्टर घाबरवत्यात गं,” एक जण म्हणाली.

शेजारच्या विमलबाईंची लेक बाळंतपणाला आली होती. त्या फटकन म्हणाल्या, “तुझ्या पोरीला तूच औषध पाजलंस. आता पाण्याला कशाला नाव ठेवतीस?”

हे अर्धं खरं होतं, हे रंभाला माहीत होतं. तिनं दोन बोटांनी वरचा ओठ उचलला आणि सगळ्यांसमोर दात उघडे केले.

“हे औषधानं न्हाई झालं. मह्या गावात औषध नव्हतं. निसतं पाणी व्हतं.”

कुणीतरी नळ बंद केला. थोड्या वेळानं दुसऱ्या कुणीतरी तो पुन्हा सोडला.

त्याच संध्याकाळी बबनरावांनी ज्योतीरामला दुसरी खोली बघायला सांगितलं.

मोशीला खोली मिळाली. सामान टेम्पोत चढलं. ज्योतीराम मागे सामानाबरोबर बसला, रंभा पोरांना घेऊन पुढे. स्वरूपाच्या मांडीवर प्रज्वल होता. त्यानं तिचं बोट तोंडात घेतलं आणि ती किंचाळली.

“आई, चावला! ह्याला दात आलाय!”

ती खदाखदा हसत सुटली. ड्रायव्हरनं वळून तिच्याकडे पाहिलं आणि त्याची नजर तिच्या तोंडावरच राहिली. स्वरूपाच्या ते लक्षात आलं. तिचं हसू थांबलं, ओठ मिटले. भावाच्या टाळूवर हनुवटी टेकून ती खाली बघत बसली.

“समोर बघून चालवा, दादा,” रंभा म्हणाली.