लांबूचा दम

लांबूच्या मागे त्याने सबंध वर्ष घातलं होतं. लांबू म्हणजे हाडामांसाचा माणूस नव्हे. इंटरनेटवर बास्केटबॉलचा संघ चालवायचा एक खेळ आहे. त्यात चेंडूला कोणी हात लावत नाही. आपण नुसते खेळाडू निवडायचे, त्यांचा सराव ठरवायचा, सामना संगणकच खेळून दाखवतो. त्या खेळात या लिफ्ट-मेकॅनिकच्या वाट्याला अठरा वर्षांचा सात फुटी पोरगा आला होता. नाव कुठल्यातरी परक्या भाषेतलं, जिभेला गाठ पडेल असं. म्हणून तो लांबू.

पोरं घडवायची तर संघाचं वाटोळं होतं, हे त्या खेळातलं खरं दुखणं. सरावाचा फायदा त्यालाच, जो आठवड्याच्या दोन सामन्यांपैकी एका तरी सामन्यात पूर्ण अठ्ठेचाळीस मिनिटं मैदानात असेल. म्हणजे कच्चं पोर खेळवत राहायचं आणि हरत राहायचं. सरावही एका आठवड्यात एकाच गोष्टीचा, निकाल शुक्रवारी सकाळी. खेळातलं एक वर्ष आपल्या चार महिन्यांत संपतं. लांबू आता एकवीसचा झाला होता आणि संघ तळाला गेला होता. पण लांबूच्या देशाच्या एकवीस वर्षांपर्यंतच्या राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकाने, जो मुळात कुठल्याशा गावातला चष्म्यांचा दुकानदार होता, त्याला निरोप पाठवला होता: ‘रिंगवरून उडालेला चेंडू पकडण्यात, म्हणजे रिबाउंडमध्ये, तुमचा पोरगा अजून एक पायरी चढला की घेतला. यादी शनिवारी.’

एक पायरी, म्हणजे एका आठवड्याचं काम. आणि नेमकं त्याच सोमवारी साहेबांनी त्याला धरणाच्या पोटातल्या वीजकेंद्राची लिफ्ट दुरुस्त करायला पाठवलं. तिथे मोबाइलला रेंज नव्हती. होता तो नियंत्रण कक्षातला एक जुना फोन.

घरात तो आणि आई, दोघंच. आई मोठ्या इस्पितळात मेट्रन होती, निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी गल्ली तिला सिस्टरच म्हणायची. रविवारी त्याने तिला संगणकासमोर बसवलं.

“फक्त पाच दिवस, आई. हा लांबू. याला दोन्ही सामन्यांत मधल्या जागेवर ठेवायचं आणि बाहेर काढायचं नाही. बाकी कशाला हात लावू नकोस.”

“लिहून दे. चार्टप्रमाणे करते.”

त्याने एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं. आईने तो दोनदा वाचला, घडी घातली आणि चष्म्याच्या घरात ठेवला. तीस वर्षं औषधांचे चार्ट सांभाळलेली बाई. तो निश्चिंत मनाने निघाला.

बुधवारी सकाळी त्याने नियंत्रण कक्षातून फोन लावला. शेजारी ड्यूटीवरचा ऑपरेटर चहा पीत बसला होता.

“आई, कालच्या सामन्याचं काय झालं?”

“जिंकलो!” आईचा आवाज फोनबाहेर ऐकू आला. “बावीस गुणांनी. किती महिन्यांनी जिंकलो रे आपण?”

“लांबू किती मिनिटं खेळला?”

“अकरा.”

“अकरा?”

“अरे, पहिल्या भागात बघितलं, पोरगा नुसता फरफटत होता. पुढच्या भागासाठी बदल करता येतो असं तिथेच लिहिलेलं होतं. मग त्या टकलूला आत घेतला. चौतीस वर्षांचा आहे, पण काय खेळला!”

त्याने कपाळावर हात मारून घेतला. “आई, आपल्याला जिंकायचं नाहीये!”

ऑपरेटरने कप खाली ठेवला.

“जिंकायचं नाही तर खेळायचं कशाला?” आईने विचारलं, आणि हा प्रश्न इतका सरळ होता की त्याला त्याचं उत्तर देण्यात दहा मिनिटं गेली. त्याने पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं. गुरुवारचा सामना ही शेवटची संधी आहे, अठ्ठेचाळीस मिनिटं म्हणजे अठ्ठेचाळीस, तो फरफटला, रांगला, आडवा पडला तरी त्याला बाहेर काढायचं नाही.

“आडवा पडला तरी?”

“तो पडत नाही, आई. मी आपलं बोलतोय.”

“बरं. ठेवते त्याला पूर्ण वेळ.”

पुढचे दोन दिवस तो लिफ्टच्या दोरांना ग्रीस लावत होता, पण चित्त घरच्या संगणकापाशी. शुक्रवारी सकाळी सहा वेळा फोन लावला तेव्हा कुठे लागला.

“अठ्ठेचाळीस मिनिटं खेळला,” आईने आधीच सांगून टाकलं. “पूर्ण. हरलो आपण, पण मी काढला नाही.”

त्याचा जीव भांड्यात पडला. “शाब्बास, आई!”

“आणि सुधारला पण. हिरवा बाण आलाय.”

“आला ना? मला माहीत होतं! किती झालं रिबाउंड?”

“रिबाउंड नाही रे. दम.”

त्याला वाटलं, फोनमध्ये खरखर आहे. “काय?”

“दम, दम. त्याच्या नावापुढे लिहिलं होतं, ‘दम: अत्यंत कमी’. अशा पोराला आधी उड्या मारायला शिकवायचं का? सराव बदलायची जागा मला सापडली. पूर्ण वेळ खेळवायचा म्हणतोस ना, मग आधी त्याची तब्येत नको सुधारायला?”

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि आईवर ओरडायचं तर समोर ऑपरेटर.

“घरी कोणी आजारी आहे का?” ऑपरेटरने हळूच विचारलं.

“नाही,” तो म्हणाला. “उलट तब्येत सुधारलीय.”

शनिवारी संध्याकाळी घरी पोचला, तो हत्यारांची पिशवी न ठेवताच संगणकासमोर बसला. यादी लागली होती. मधल्या जागेवर दुसऱ्याच कोणाचा तरी पोरगा. चष्मेवाल्या प्रशिक्षकाचा निरोपही होता: ‘माफ करा, रिबाउंड वाढलं नाही. पण या वयात दमाचा सराव का लावलात?’ त्याने खूप विचार करून उत्तर लिहिलं: ‘घरगुती अडचण.’

मग तो स्वयंपाकघरात गेला. आई कांदा चिरत होती.

“एक वर्ष, आई. हातातोंडाशी आलेला घास होता. कागदावर लिहून दिलं होतं तुला!”

“दिलं होतंस.”

“आणि तुला कधीपासून एवढी दया येऊ लागली? इस्पितळात शिकाऊ पोरी तुझ्या पावलांचा आवाज ऐकून रडायच्या. मी स्वतः बघितलंय.”

“रडायच्या,” आई म्हणाली. तिने सुरी खाली ठेवली. “एक होती. पहिल्या वर्षाची, लांब वेणीची. साथ आली होती त्या वर्षी, माणसं पुरत नव्हती. मी तिला तीन दिवस डबल ड्यूटी लावली. पोरगी तयार होईल म्हटलं, पुढे नाव काढेल. तिसऱ्या दिवशी चादरींचा गठ्ठा घेऊन जिन्यावरून कोसळली. जबडा मोडला. बरी झाली, पण परत आली नाही.”

त्याने हत्यारांची पिशवी तेव्हा कुठे खाली ठेवली.

“दमलीस का, एवढं मी तिला विचारायला हवं होतं. दुसरं कोण विचारणार?”

“पण आई,” तो आवाज खाली आणत म्हणाला, “लांबू दमत नाही. लांबू नाहीच. नुसते आकडे आहेत ते.”

“चार्टवर ताप पण आकडाच असतो,” आई म्हणाली आणि पुन्हा कांदा चिरायला लागली.

त्याला तिचं म्हणणं कळलं होतं, आणि राग मात्र तसूभरही कमी झाला नव्हता. त्याने खोलीत जाऊन पासवर्ड बदलला.

मंगळवारी तो कामावरून आला तेव्हा कीबोर्डवर त्याचा तो कागद ठेवलेला होता, घडी तशीच. आईने दुपारी संघ उघडायचा प्रयत्न केला असणार. ती त्याबद्दल चकार शब्द बोलली नाही. जेवायला वाढलं, भाजीत मीठ कमी आहे का विचारलं आणि लवकर झोपायला गेली. तिने आरडाओरडा केला असता तर त्याला सोपं गेलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मुकाट्याने तिच्या नावाने वेगळा संघ उघडून दिला.

आणि तिथून त्याच्या नाकी नऊ आले. आईने संघातल्या दहाही खेळाडूंना सारखी मिनिटं वाटून दिली. “अशाने एकही पोर शिकणार नाही,” तो रोज कानीकपाळी ओरडायचा. तो कुठेतरी सातव्या मजल्यावर लिफ्टच्या टपावर उभा असताना तिचा फोन यायचा: “तो डावखुरा सलग दोन सामने खेळला, त्याला सुट्टी देऊ का?” खालून लोक बटण दाबत असायचे आणि हा वर ओरडत असायचा, “नको देऊस! अजिबात नको!” ती सुट्टी द्यायची.

लांबू बावीसचा झाला, राष्ट्रीय संघाचं दार त्याला कायमचं बंद झालं. तो अजून याच्याच संघात आहे, बरा खेळतो.

गेल्या महिन्यात एका शुक्रवारी सकाळी आई चहा घेऊन त्याच्या खोलीत आली.

“माझ्या डावखुऱ्याला हिरवा बाण आला,” ती म्हणाली. “काल पूर्ण सामना ठेवला त्याला.”

त्याने चमकून वर पाहिलं. “अठ्ठेचाळीस मिनिटं? तू?”

“हो. सामना चालू असताना बघता येतो ना, तसा बघितला. पहिल्यापासून शेवटपर्यंत.”

“दोन तास?” त्याला हसावं की चिडावं कळेना. “आई, पूर्ण वेळ ठेवायचाच होता तर बघायचं कशाला?”

“बघून काही बदलत नाही, माहीत आहे मला.”

“मग काय केलंस दोन तास?”

“काही नाही,” आई म्हणाली. “त्याच्याजवळ बसले होते.”