सव्वादोनचं माप

मंगळवारी दुपारी शैलजाचं प्रेत बौद्धवाड्यामागच्या विहिरीत सापडलं आणि संध्याकाळी पोलिसांनी तिच्या नवऱ्याला, सुगतला, नेलं. सावरखेडात त्याला तिचा नवरा कोणी म्हणत नव्हतं. त्या पोरानं पाटलाची पोर पळवली आणि मारून टाकली, एवढंच जो तो सांगत होता.

अंबादास कासारानं हे सगळं आपल्या दुकानात बसून ऐकलं. पिठाच्या गिरणीला लागून त्याचं बांगड्यांचं दुकान होतं. बायको यमुना जाऊन आठ महिने झाले होते. पूर्वी बांगड्या तीच भरायची, अंबादास नुसत्या पेट्या उघडून द्यायचा. आता दोन्ही कामं त्याच्याकडे आली होती आणि गिऱ्हाईक निम्म्यावर आलं होतं.

शुक्रवारी सुगतची आई धुरपदाबाई दुकानाशी आली. पायरीखालीच उभी राहिली.

"वर या."

"नको मामा. गिरणीत बाया हाईत. उद्या तुमच्याकडं कुणी फिरकायचं नाही."

"आत्ता तरी कोण फिरकतंय? म्हाताऱ्याच्या हातात हात द्यायला पोरी लाजतात. या, बसा."

ती पायरीवर टेकली. पदरानं तोंड पुसून म्हणाली, "म्हैना झाला लग्न करून. तालुक्याला खोली घेतली हुती. शनिवारी तिचा भाऊ विक्रम भाड्याची जीप घेऊन आला. आई आजारी हाय म्हणाला, बरी झाली की रीतसर लग्न लावून देतो म्हणाला. पोर हरखून गेली त्याच्यासंगं. आता विक्रम म्हणतो, मी गेलोच नाही तिकडं. शेजारी म्हणतात, आम्ही पाहिलं नाही. माझं लेकरू फासावर जाईल, मामा."

"मी काय करणार त्यात?"

"एक सांगा. तिच्या हातात हिरव्या बांगड्या हुत्या, बारीक सोनेरी रेघेच्या. वर काढली तवा मी मोजल्या, एका हातात सात, एका हातात सहा. फौजदार म्हणतो, तुम्हीच भरल्या असतील. अवो, तिच्या हातात प्लास्टिकची दोन कडी हुती. काच टोचती म्हणायची धुणं धुताना. मग ह्या कुठनं आल्या?"

अंबादासनं मागच्या फळीवरची पेटी काढून तिच्यापुढे धरली.

"ह्याच," ती म्हणाली.

ती पेटी अंबादासनं रविवारी सकाळी फोडली होती. त्याआधी तसला माल गावात नव्हता. आणि त्या पेटीतून आजवर एकाच बाईनं बांगड्या नेल्या होत्या.

ती बाई म्हणजे गोजरबाई पाटलीण, शैलजाची आई. रविवारी दुकान उघडायच्या आधीच येऊन उभी होती. पाटलांच्या घरी एरवी कासाराला बोलावणं यायचं, बायका दुकानात येत नसत.

"तेरा हिरव्या द्या, सव्वादोनच्या," ती म्हणाली होती.

"हात कुठाय? बांगड्या पदरात घेऊन कोण जातं, वहिनी?"

"भाचीसाठी हाईत. गावाला पाठवायच्यात."

तासाभरानं ती परत आली होती. अकरा बांगड्या आणि फुटलेल्या दोन बांगड्यांचे तुकडे तिनं पुढे ठेवले. "जात नाहीत. अडीचच्या द्या."

"तासाभरात भाची एवढी जाड झाली?" अंबादास हसून म्हणाला होता. ती हसली नव्हती. दुसऱ्या गावच्या भाचीच्या हातात तासाभरात बांगड्या घालून कशा पाहिल्या, हे तेव्हा त्याच्या डोक्यात आलं नाही.

आता आलं. शैलजाच्या हातात तो ती चार वर्षांची असल्यापासून बांगड्या भरत होता. तिचं माप सव्वादोन. अंगठा आत घेतला की तिचा हात कापसासारखा दुमडायचा.

यमुनेचंही तेच माप होतं. ती गेली तेव्हा बायका म्हणाल्या, सवाष्ण गेली, हिरव्या बांगड्या भरा. अंबादास स्वतःच बसला. पस्तीस वर्षं ओळखीचा हात, पण सव्वादोनची बांगडी चढेना. अंगठा वळतच नव्हता. दोन बांगड्या त्याच्या हातात फुटल्या. मग उठून त्यानं अडीचच्या आणल्या. हे त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं.

"तुम्ही घरी जा," तो धुरपदाबाईला म्हणाला. "कोणाशी बोलू नका."

पाटलांच्या घरी पुरुष माणसं नव्हती, सगळी तालुक्याला गेली होती. गोजरबाई ओसरीवर सूप घेऊन गहू निवडत होती. सुतकाचं घर असूनही शेजारपाजारचं कोणी नव्हतं.

"अंबादासभाऊ? आज कसे?"

"भाचीला अडीचच्या झाल्या का ते विचारायला आलो."

सूप थांबलं.

"वहिनी, जिवंत हात दाबला की दुमडतो. सव्वादोनच्या हाताला अडीच कधी लागतात, ते मला यमुनेनं दाखवलं."

तिनं गव्हातला एक खडा वेचून बाजूला टाकला. मग म्हणाली, "सवाष्ण हुती ना ती. मोकळ्या हातानं कशी पाठवू?"

"म्हणजे लग्न तुम्हाला मान्य होतं?"

"मला कोण विचारतंय? पण झालं हुतं ना लग्न. झालेलं कसं पुसायचं?"

"कोणी केलं हे?"

"बापानं आन् विक्रमनं. मला सैपाकघरात कोंडलं, बाहेरनं कडी घातली." तिचा आवाज चढला नाही की उतरला नाही. "रातभर कडब्याच्या खोलीत ठेवली हुती. सकाळी ते गाडी बघायला गेले, तेवढ्यात मी भरल्या. रात्री विहिरीवर न्यायला निघाले तर विक्रम म्हणतो, वरनं ढकलू. मी पाय धरले. म्हटलं, दोरानं सोडा. बांगड्या फुटतील."



"तो पोरगा फुकट मरेल, वहिनी."

"आन् त्याला सोडवलं तर माझा लेक मरंल."

"हो."

"मग मला विचारायला कशाला आलात?"

"विचारायला नाही आलो, सांगायला आलो. मी आज पोलिसात जाणार आहे. तुम्हाला दुसऱ्याकडून कळू नये."

"एक गेलं माझं, भाऊ."

"ठाऊक आहे."

तिनं सूप खाली ठेवलं. "मी काय तुमच्यासंगं येणार नाही. पण फौजदारानं विचारलं तर खोटं बी बोलणार नाही. तिची बोटं ह्या हातांनी दाबलीत मी." तो पायऱ्या उतरला तेव्हा ती मागून म्हणाली, "जायचं तर लवकर जा. ते पाचच्या गाडीनं येतात."

फौजदार आधी हसला. "म्हातारबा, बांगड्यांवरून खून काढता? उद्या जोडव्यांवरून दरोडा काढाल."

"साहेब, ही पेटी मी रविवारी फोडली. पोर सापडली मंगळवारी. तिचं माप सव्वादोन. तिच्या आईनं आधी सव्वादोनच्या नेल्या, मग रविवारी सकाळीच तासाभरात अडीचच्या का लागल्या, ते त्यांना विचारा. आणि विहीर दगडी आहे. बुडणारं माणूस हातपाय झाडतं. तेरापैकी एक तरी बांगडी फुटायला हवी होती. तेराच्या तेरा शाबूत कशा?"

दाराशी उभी असलेली महिला हवालदार आपल्या मनगटाकडे बघत म्हणाली, "खरंय साहेब. माझं माप पंधरा वर्षांत बदललं नाही."

फौजदारानं पंचनाम्याचे फोटो मागवले. ते पुन्हा पुन्हा पाहिले आणि मग जीप काढायला सांगितली.

गोजरबाई खोटं बोलली नाही. बाप आणि भाऊ आत गेले. नवव्या दिवशी सुगत सुटला.

गावानं अंबादासला काही म्हटलं नाही. नुसत्या बायका यायच्या थांबल्या. गिरणीवाल्यानं मधल्या भिंतीतली खिडकी विटा लावून बुजवली. एका सकाळी दुकानापुढे एक अख्खी पेटी फोडून टाकलेली होती. अंबादासनं काचा झाडून घेतल्या, कोणाच्या पायात जाऊ नयेत म्हणून.

सुगत दुकानात आला तेव्हा दुपार होती. दाढी वाढलेली, एका डोळ्याखाली अजून काळं. तो पायरीवर बसला.

"मामा, मला तोंडसुद्धा बघू दिलं नाही तिचं."

अंबादासनं पाण्याचा तांब्या पुढे केला. गावात सुगतला कोणी विधुर म्हणत नव्हतं. नवराच म्हटलं नव्हतं, तर विधुर कुठून म्हणणार?

"कोणी भरल्या हो तिच्या हातात?"

"तिच्या आईनं."

सुगत पाणी प्याला. तांब्या खाली ठेवत म्हणाला, "मामी जाऊन आठ महिने झाले ना? कमी होतं का?"

"नाही," अंबादास म्हणाला.

मग त्यानं फळीवरून कागदाची पुडी काढली. आत सव्वादोनच्या अकरा बांगड्या होत्या, परत आलेल्या. त्या त्यानं पुन्हा पेटीत घातल्या नव्हत्या. "ह्या घेऊन जा. हे तिचं खरं माप."

सुगतनं एक बांगडी उचलली आणि आपल्या बोटांवरून सरकवली. ती पेरांच्या हाडांवर अडली. त्यानं अंगठा आत घेऊन पाहिला. नाही गेली.

"तिला सहज जायची," तो म्हणाला.

"हो," अंबादास म्हणाला. "हात दे, मी काढतो. ओढू नकोस, फुटेल."