दफनभूमीमागचा उतार

मार्लिस ट्वेटने एकतीस वर्षं शाळेची बस चालवली. निवृत्त झाली तेव्हा आयोवातल्या त्या टापूतला खड्डा न् खड्डा तिला पाठ होता, पण गवताचं एक नाव सांगता आलं नसतं. त्या हिवाळ्यात वाचनालयाच्या तळघरात स्वयंसेवक निसर्गअभ्यासकांचा वर्ग भरला. वेळ जात नाही म्हणून ती गेली, आणि गुंतलीच.

एके काळी हा सगळा मुलूख प्रेअरी होता, म्हणजे उंच रानगवताचा आणि रानफुलांचा माळ. नांगराने उलथून त्याची मका-सोयाबीनची शेतं केली. हे ऐकल्यापासून तिच्या डोक्यात एकच जागा घोळू लागली. गावच्या दफनभूमीमागचा दोन एकरांचा उतार. पुढेमागे कबरींना लागेल म्हणून तो कधी नांगरलाच नव्हता, नुसतं यंत्राने गवत कापत. कुंपणाच्या तारेखाली, जिथे पातं पोचत नसे, तिथे तिला तीन बोटांसारख्या तुऱ्याचं वाळलेलं गवत सापडलं. प्रेअरीचं अस्सल गवत!

"मुळं जिवंत असतील, ड्वेन," ती दफनभूमी समितीच्या अध्यक्षाला म्हणाली. "एक उन्हाळा कापू नका. आणि एप्रिलमध्ये आम्हाला तो उतार एकदा जाळू द्या. वरचं परकं गवत जळलं, की खालच्या मुळांना फुटायला वाव मिळेल."

ड्वेन होकस्ट्रा शाळेत तिच्या वर्गात होता. "डोकं ठिकाणावर आहे ना तुझं? माझा बाप पुरलाय शेजारी!"

"तुझा बाप दर वसंतात बांध जाळायचा. धुराने आमचे कपडे काळे व्हायचे."

शेवटी ड्वेन म्हणाला, "ऑगस्टच्या बैठकीपर्यंत. काही उगवलं नाही, तर यंत्र फिरणार. मग रडत यायचं नाही."

वारा पडलेला बघून, अग्निशमनाची गाडी शेजारी उभी करून वर्गातल्या बारा जणांनी एप्रिलमध्ये उतार जाळला. पाऊण तासात सगळं काळंठिक्कर. दुसऱ्या दिवशी कॅफेत कुणीतरी विचारलंच, "काय गं मार्लिस, आता चर्चला कधी काडी लावतेस?" तीही हसली.

मे महिन्यात आधी आले ते काटेरी तण. ती आणि डुकरांचा निवृत्त डॉक्टर व्हर्न पोलमन रोज गुडघ्यांवर बसून ते उपटत.

"डुकरं बरी," व्हर्न कण्हत म्हणाला. "निदान ओरडून सांगायची, कुठे दुखतंय ते."

जूनच्या मध्यावर मार्लिसला एक पान दिसलं. हाताएवढं, खोल कातरलेलं, खरखरीत. तिने भिंग लावलं, वही काढली, पुन्हा भिंग लावलं. प्रेअरीचंच रोप होतं. "व्हर्न! अरे, इकडे ये! धावत ये!" त्याला काही धावता आलं नाही, पण तो पोचेपर्यंत तिला आणखी सात सापडली होती.

मग उतार थांबलाच नाही. जांभळे तुरे, डोक्याएवढ्या उंच दांड्यांवर पिवळी फुलं, पांढरे काटेरी गोंडे. ऑगस्टपर्यंत त्यांनी एकसष्ट जाती मोजल्या.

बैठकीला मार्लिसने भाषण केलं नाही. "चला," म्हणाली, आणि सगळ्यांना उतारावर घेऊन गेली. ड्वेनची एक्याण्णव वर्षांची आई, विल्मा, गाडीत बसली होती. ती काठी टेकत उतरली, सरळ गवतात शिरली आणि तुऱ्यांवरून हात फिरवत उभी राहिली.

"आई, पडशील!" ड्वेन ओरडला.

"गप रे. लहानपणी आमच्या शेताच्या कडेला एवढंच उंच होतं. मी यात लपायचे. मला वाटलं होतं, हे कुठेच उरलं नाही." मग ती मार्लिसकडे वळली. "पोरी, तू हे परत आणलंस?"

"मी नाही हो. ते इथेच होतं. आम्ही फक्त कापायचं थांबवलं."

मतदान तिथेच, गवतात उभ्याउभ्या झालं. समितीचे पाचही हात वर गेले. ड्वेनचा सगळ्यांत आधी.

ऑक्टोबरात बिया गोळा करायच्या होत्या. वर्गातले बारा जण येतील एवढ्या हिशेबाने मार्लिसने कॉफी आणली होती. आले चौतीस. कॅफेतला तो काडीवालाही आला, बादली घेऊन. "कुठलं तोडायचं, सांग बाई," तो म्हणाला. तिने त्याचा हात धरून दाखवलं. संध्याकाळपर्यंत अकरा पोती भरली, आणि त्या पेरायला पलीकडची तीन एकर पडीक जागा ड्वेनने तिच्या हवाली केली.