घरचं रक्त

माझं झेरॉक्सचं दुकान आहे, कचेऱ्यांच्या गल्लीत. माणूस कागद कसा धरतो यावरून तो घरात कसा वागत असेल ते मला कळतं. चुरगळलेला दाखला घेऊन येणाऱ्याला मी आधी चार शब्द सुनावते, मग झेरॉक्स देते. तेव्हा माझ्या धाकट्या लेकीच्या आजारपणाची फाइल मी कशी ठेवली असेल, हे वेगळं सांगायला नको. जन्मापासूनचे सगळे रिपोर्ट तारखेवार, आणि शेवटच्या कप्प्यात थोरल्या लेकाची रक्तदानाची चौदा कार्डं. चौदाही मी स्वतः लॅमिनेट केलेली.

धाकटीला सिकल सेल आहे. तिच्या रक्तातल्या तांबड्या पेशी गोल राहत नाहीत, विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक नसांत अडकून बसतात. मग हाडं दुखतात. कशी दुखतात ते मी लिहिणार नाही. उशाशी बसून ऐकलंय, तेवढं पुरे. सोळाव्या वर्षी पेशी मेंदूत अडकल्या आणि तिचा उजवा हात लुळा पडला. हात बराचसा परत आला, अक्षर आलं नाही. तसा झटका पुन्हा येऊ नये म्हणून तेव्हापासून तिला दर महिन्याला रक्त चढवतात.

दुसऱ्याच खेपेला रक्तपेढीतल्या पिशवीनं तिला हुडहुडी भरली, ताप आला. दोन तासांत उतरलाही. पण माझ्या डोक्यात बसलं ते बसलंच. मी म्हणाले, "परक्याचं नको. कोण कुठला, काय माहीत. आपलं ते आपलं."

थोरला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता, लिफ्ट दुरुस्तीचं काम नुकतंच शिकायला लागला होता. दोघांचा रक्तगट एकच. त्याला आजार नाही, आजाराचा अंशही नाही. आमच्या घरात तेवढाच एक धडधाकट, आणि त्याला त्याचीच लाज वाटायची. बहीण कळवळायला लागली की हा जिन्यात जाऊन बसायचा. मी बोलल्याच्या दुसऱ्या दिवशी तो बाही वर करून रक्तपेढीच्या खुर्चीत बसला. "घरचं आहे, मग काय विचारता," असं तिथला माणूसही म्हणाला. पुढं दर चार महिन्यांनी, न चुकता, त्यानं दिलं. मधल्या महिन्यांत नाइलाजानं परक्याचं.

त्यावरून घरात थट्टा चालायची. पिशवी लागली की धाकटी विचारायची, "आज कुणाचं?" दादाचं म्हटलं की कपाळाला हात लावायची. "गेली माझी परीक्षा. मागच्या वेळी ह्याचं चढलं आणि बेरजासुद्धा चुकल्या." थोरला म्हणायचा, "म्हातारे, माझ्या रक्तामुळं निदान लिफ्ट तरी दुरुस्त करशील." खुब्याचं हाड झिजल्यामुळं ती जरा वाकून चालते, म्हणून म्हातारी. दुसऱ्या कुणी तसं म्हटलं असतं तर मी त्याचे दात पाडले असते.

मागच्या वर्षी मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी बोन मॅरो बदलण्याचं काढलं. हाडांतल्या ज्या मगजात रक्त तयार होतं तो तिचा औषधांनी पूर्ण संपवायचा आणि त्या जागी दुसऱ्याचा निरोगी मगज घालायचा. तो रुजला तर आजारच संपला. एकविसाव्या वर्षी मूल नव्यानं जन्माला आल्यासारखं. नाही तर तिच्या अंगाला आता बाहेरचं रक्त सोसेनासं होत चाललंय, पुढं जुळणारी पिशवीच मिळणार नाही, हेही त्यांनी त्याच बैठकीत सांगितलं. बाई गोड बोलत नाहीत, म्हणून मला आवडतात.

पूर्ण जुळणारा दाता नोंदणीत कुठंच सापडला नाही. मुलांचे वडील जाऊन बारा वर्षं झाली. मला छातीचा कर्करोग होऊन गेलेला, त्यामुळं मी आधीच बाद. थोरला अर्धा जुळला. "अर्ध्यावरही हल्ली करतो आम्ही," बाई म्हणाल्या. आम्हाला अर्धं म्हणजे आभाळ ठेंगणं झालं. थोरल्यानं सिगारेट सोडली. तो सिगारेट ओढतो हे मला सोडल्यावर कळलं. धाकटीनं डाव्या हातानं अक्षर गिरवायला घेतलं, बरी झाल्यावर नोकरीचे अर्ज स्वतः भरायचे म्हणून.

मग शेवटची तपासणी झाली. तिघांनाही बोलावलं. बाईंनी कागद दोनदा वाचला आणि विचारलं, "हिच्या शरीरात अँटीबॉडी आहेत. रक्त घेणाऱ्यांत असतात थोड्याफार. पण ह्या फार आहेत, आणि नेमक्या भावाच्याच पेशींविरुद्ध. हिला कधी भावाचं रक्त दिलंय का?"

मी हसले. हे आठवलं की अजून अंगावर काटा येतो. मी हसले आणि म्हणाले, "कधी काय? अहो, चौदा वेळा." शेवटचा कप्पा उघडून मी ती कार्डं टेबलावर मांडली, ओळीनं, तारखेप्रमाणं. एक तिरकं पडलं तेही सरळ केलं.

बाईंनी कार्डांना हात लावला नाही. त्या म्हणाल्या, "ज्याचा मगज कधी ना कधी लागू शकतो, त्याचं रक्त आधी द्यायचं नसतं. शरीर त्याला ओळखून ठेवतं, वैरी म्हणून. हे तुम्हाला कुणीतरी सांगायला हवं होतं."

"मग आता?" थोरल्यानं विचारलं.

"औषधांनी त्या उतरतात का बघू. नाही उतरल्या तर तिचं शरीर तुमचा मगज रुजू देणार नाही, आणि तोवर तिचा स्वतःचा आम्ही संपवलेला असेल. तसं मी करणार नाही."

दोन महिने औषधं झाली. यंत्रातून रक्त फिरवून गाळून घेतलं, पाच वेळा. अँटीबॉडी उतरल्या आणि पंधरा दिवसांत होत्या तिथं परत आल्या. बाईंनी प्रत्यारोपणाची फाइल बंद केली. त्यांची फाइल पातळ होती.

त्या दिवशी घरी आल्यावर मी ती कार्डं फाडायला घेतली. लॅमिनेशन फाटत नाही. गिऱ्हाइकाला मी हे रोज छाती फुगवून सांगते. मग कात्री शोधायला उठले, तर धाकटीनं कार्डं उचलून स्वतःच्या कप्प्यात ठेवली. "माझी आहेत ती," म्हणाली.

थोरला मला एका शब्दानं बोलला नाही. परक्याचं नको हे मी म्हणाले होते, तो नव्हे. हे त्यालाही आठवत असणारच. एकदा तरी तोंडावर म्हणाला असता, तुझ्यामुळं झालं, तर मी भांडले असते, रडले असते, काहीतरी केलं असतं. त्याउलट परवा रात्री जेवताना म्हणतो, "आई, माझ्याच रक्तात काहीतरी खोट असणार." मी त्याच्या ताटात आणखी एक पोळी वाढली. मीही खरं बोलले नाही. भित्री आहे मी.

गेल्या आठवड्यात धाकटीचं रक्त फार उतरलं. आम्ही रक्तपेढीत गेलो. तिथल्या माणसानं थोरल्याला पाहून खुर्ची पुढं ओढली. "बसा, खुर्ची तुमचीच वाट बघत होती."

"माझं नको," थोरला म्हणाला. "दुसऱ्या कुणाचंही बघा."

"का हो? भांडलात बहिणीशी?"

थोरल्यानं खुर्ची मागं सरकवली. तो माणूस फ्रिजपाशी गेला, एकेक पिशवी तिच्या नमुन्याशी जुळवून पाहिली. एकही जुळेना. उद्या या, म्हणाला. उद्याही नव्हती. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या गावाहून एक आली. पूर्वी दोन चढवत, आता एकच. पुढच्या महिन्याचं तो काही सांगू शकला नाही.

पिशवी टांगली तेव्हा धाकटी डोळे मिटून पडली होती, ओठ पांढरे. थोरला दाराशी उभा होता. नर्सनं नळी जोडली आणि धाकटीनं डोळे उघडले.

"आज कुणाचं?" तिनं विचारलं.

"परक्याचं," मी म्हणाले.

"दादाचं नाही ना?"

"नाही."

"मग चालेल," ती म्हणाली आणि तिनं हात पुढं केला.

थोरला जिन्यात जाऊन बसला.