इरम्माची झोप

"अव्वा, चप्पल काढ अन् आत चल. तिसऱ्यांदा सांगायलोय," शिवकुमार म्हणाला. आवाजात आता आर्जव उरलं नव्हतं.

त्याची आई, इरम्मा, उंबऱ्याबाहेर खिळून उभी होती. जपानच्या डोंगरातलं ते खेडं, गवताच्या उंच छपरांची ती जुनी घरं बघायला जगभरातून माणसं येतात. आणि ही बाई घराकडे पाठ करून, पदर डोक्यावर ओढून समोरच्या भातखाचरांकडे बघत होती. मागे सहलीतली मंडळी खोळंबली होती.

"तू जा की. म्या हितंच थांबते."

"थंडीनं कुडकुडशील!"

"कुडकुडू दे."

शिवकुमारच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चार दिवस हेच चाललं होतं. चार दिवस कसले, तो तिसरीत होता तेव्हापासून हेच चाललं होतं.

माकणीजवळच्या गावातलं त्यांचं घर पहाटेच्या भूकंपात बसलं, तेव्हा त्याचे वडील, वीरप्पा, आतच राहिले. इरम्मा पोराला ओढून बाहेर आली होती. त्यानंतर ती कधी घरात झोपली नाही. पुनर्वसनात घर मिळालं, ती अंगणात. शिवकुमारनं कळंबला पंपांचं दुकान टाकलं, दुमजली घर बांधलं, तरी ती अंगणातच. स्वयंपाक आत, लिंगपूजा आत, पण डोळे मिटायची वेळ झाली की गोधडी उचलून बाहेर. पावसाळ्यात बाजेवर ताडपत्री ताणायची. शिवकुमारनं इंजिनिअरला घरी आणून तिच्यासमोर सगळं वदवून घेतलं होतं. सळई केवढी जाड, स्लॅब केवढा जाड, जमीन हलली तरी घर कसं हलणार नाही. तिनं इंजिनिअरला चहा पाजला आणि गोधडी घेऊन बाहेर गेली. 'पंपवाल्यानं बंगला बांधला आणि आईला बाहेर टाकलं' असं कुणी बोललेलं कानावर आलं की त्याला कुठं तोंड लपवू असं व्हायचं.

म्हणून तर तिला जपानला आणलं. पंपांच्या कंपनीनं चांगला धंदा करणाऱ्या दुकानदारांची जोडीनं सहल काढली, तेव्हा त्याची बायको शुभांगी म्हणाली, "माझ्याऐवजी अव्वांना न्या. तिथं भूकंप लई होतेत म्हणं, तरी माणसं माडीवर माडी रचून निवांत झोपतेत. एकदा बघू तर द्या त्यांना." विचार नामी होता. प्रत्यक्षात इरम्मानं उंच हॉटेलात रोज दाराशी खुर्ची ओढली आणि मांडीवर पिशवी घेऊन रात्र बसून काढली. दिवसा बसमध्ये डुलक्या घ्यायची. 'बसला काय छप्पर नसतंय व्हय?' म्हणून तो काल तिच्यावर खेकसलासुद्धा होता.

"आजी, आत चूल पेटलीय. शेकून तरी घ्या," टूर मॅनेजर सोमेश हातातला पिवळा झेंडा काखेत मारत म्हणाला.

चूल म्हटल्यावर तिनं चप्पल काढली. शिवकुमारला त्याचाही रागच आला. मुलाचं ऐकायचं नाही, चुलीचं ऐकायचं.

आत जमिनीतच चौकोनी खड्डा करून जाळ केला होता. शेजारी एक जपानी म्हातारी लाकडं सारत बसली होती. इरम्मा तिच्यासमोर टेकली. सोमेशनं नेहमीच्या तालात माहिती सुरू केली. "मंडळी, छपराच्या या सांगाड्याला खिळा नाही. सगळं दोरखंडांनी बांधलंय. वीस-तीस वर्षांनी गवत कुजलं की अख्खं गाव जमतं, जुनं गवत उतरवतं आणि नवं चढवतं."

"जुनं काढतेत?" इरम्मानं एकदम विचारलं. चार दिवसांत तिनं काही विचारायची ही पहिलीच वेळ.

"हो आजी. सगळं."

"त्याच्यावरच नवं न्हाय टाकीत?"

"छे, आधी जुनं खाली. मगच नवं."

मंडळी माडी बघायला जिना चढून गेली. इरम्मा जाळाकडे बघत बसली. मग मुलाकडे न बघताच बोलायला लागली.

"आपल्या माळवदाला आमी दरसाल माती घालायचो. पावसाच्या आधी. गळू नये म्हणून. तुझा बाप पाट्या चढवायचा, म्या वर पसरून बडवायची. खालची कधी काढलीच न्हाय रं. तुझ्या आज्यानं घातलेली बी तिथंच, त्याच्या बापाची बी तिथंच. समदं गाव तसंच करायचं. ज्याचं माळवद जाड, ते घर चांगलं म्हणायचे."

शिवकुमारला ते मातीचं सपाट छत आठवलं. त्यावर तो भोवरा खेळायचा. पायाखाली किती पिढ्यांची माती आहे, हे त्याच्या कधी मनातही आलं नव्हतं. आणि इतकी वर्षं तो तिला काय सांगत होता? सळई जाड आहे, स्लॅब जाड आहे. तिच्या डोक्यावर आपण किती वजन ठेवलंय, तेच तो पुनःपुन्हा पटवून देत होता. त्याला स्वतःचीच चीड आली.

इरम्मानं मान मागे टाकली. धुरानं काळवंडलेल्या वाशांकडे, फटींतून दिसणाऱ्या गवताकडे बराच वेळ पाहिलं.

"हे नुसतं गवत हाय," ती म्हणाली. "अंगावर पडलं तरी माणूस झटकून उठंल."

मग तिनं पिशवी उशाला घेतली आणि चटईवर आडवी झाली.

"अव्वा, हितं झोपू देत नसतील. ऊठ," तो दबक्या आवाजात म्हणाला. पण तिचा डोळा लागला होता. तोंड किंचित उघडं पडलं होतं. त्यानं ओशाळून जपानी म्हातारीकडे पाहिलं. म्हातारीनं धुमसणारं लाकूड पलीकडे ओढलं आणि पुन्हा आपल्या जागी बसली.

मंडळी खाली आली, भराभर बाहेर पडली. सोमेश घड्याळ बघत मागे फिरला. "शिवकुमारजी, चला. बस इथं थांबू देत नाहीत. आजींना उठवा."

"जरा दम धरा."

"अहो, संध्याकाळी कंपनीचा कार्यक्रम आहे. तुमचाच सत्कार आहे ना? सगळे ताटकळलेत." सोमेश वाकला आणि त्यानं इरम्माच्या खांद्याकडे हात नेला.

"हात लावायचा न्हाय!"

आवाज इतका कडक निघाला की शिवकुमार स्वतःच दचकला. ती जागी झाली का, म्हणून त्यानं घाबरून पाहिलं. झाली नव्हती.

"जाऊ द्या तुमची बस," तो कुजबुजला. "सत्काराची शाल कुणालाबी द्या. आमी मागनं येतो."

सोमेशनं कपाळावर हात मारला. पुटपुटत त्यानं शिवकुमारच्या मोबाइलवर संध्याकाळच्या गाडीचा थांबा काढून दिला आणि तो गेला. बाहेर बसचा आवाज आला आणि विरत गेला. शिवकुमार आईच्या पायाशी मांडी घालून बसला.

खिशात फोन थरथरला. शुभांगीचा होता. रोज याच वेळेला करायची.

"अव्वा जेवल्या का? द्या जरा त्यांना."

"झोपलीय."

"बसमधी?"

"न्हाय," शिवकुमार म्हणाला. "घरात."

"घरात?" शुभांगीनं दोनदा विचारलं. त्यानं फोन आईच्या उशाशी, तिच्या श्वासाजवळ धरला.